विद्यापीठाने आश्रमशाळेत नववीतच पोहोचावे

संपादक महोदय,

बारावीचे निकाल लागले की महाविद्यालये प्रवेशाची माहितीपत्रके वाटू लागतात. परंतु गडचिरोलीतील आश्रमशाळांत शिकणाऱ्या माडिया आणि गोंड मुलामुलींसाठी तोवर फार उशीर झालेला असतो. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात केवळ कला शाखा आहे म्हणून तीच घेतलेल्या मुलीला अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा वैद्यकीय शिक्षणाची वाट आपल्यासाठी बंद झाल्याचे बारावीनंतर कळते. गणितात हुशार असलेल्या मुलींच्या बाबतीतही हे घडताना मी पाहिले आहे आणि त्याची खंत आजही आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे नववी-दहावीच्या आदिवासी विद्यार्थ्यांपर्यंत स्वतःहून पोहोचणे हे विद्यापीठाने आपले मूळ काम मानावे. सत्कार आणि भाषणांत संपणारा एक दिवसाचा मार्गदर्शन मेळावा त्यासाठी पुरेसा नाही. सुटीत या मुलांना आठवडाभर विद्यापीठात मुक्कामी बोलवावे, प्रयोगशाळेत स्वतः प्रयोग करू द्यावेत, आणि त्यांच्यासोबत त्यांच्याच तालुक्यातून आलेले, माडिया किंवा गोंडी बोलणारे पदवीचे विद्यार्थी असावेत. कारण वसतिगृह, शिष्यवृत्ती, घरची ओढ याविषयीचे प्रश्न मुले प्राध्यापकांना विचारत नाहीत, ताई-दादांना विचारतात.

कागदपत्रांचा प्रश्न तर याहून बिकट आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे पूर्वजांच्या जुन्या नोंदींवरून जात पडताळून दिलेला दाखला, लागते, आणि ज्या घरात शाळेची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी आहे, तिथे आजोबांचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? महसुली नोंदी शोधण्यात महिने जातात. त्यातच प्रवेशाच्या फेऱ्या ऐन पावसाळ्यात येतात, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. हे काम अकरावीतच हाती घेतले, तर ऐन वेळची धावपळ टळेल.

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे दरवर्षी होतातच. त्यांपैकी काही आश्रमशाळांच्या गावी घेऊन स्वयंसेवकांना या कागदपत्रांच्या कामात जोडता येईल. सुरुवात भामरागड, एटापल्ली आणि सिरोंचा या दूरच्या तालुक्यांपासून व्हावी, आणि मुलांच्या प्रवासखर्चाची जबाबदारी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयांनी घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अहेरी