बेंझच्या अंगावरच्या खुणा

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "लेका, एवढा खटाटोप कशाला? ६९७ चं इंजिन बसव आणि मोकळा हो." आबांच्या जुन्या ट्रकचं मूळ इंजिनच मी दुरुस्त करतोय, त्यावरून. आई शेजारी बसली होती, म्हणून हसून सोडून दिलं. आज लाइट गेलीय, शेडमध्ये काम करता येत नाही, तर म्हटलं बॅटरीच्या उजेडात तुला सविस्तरच लिहावं.

उद्यमनगरातही जो तो हेच सांगतो, आणि त्यांचं चुकत नाही. ६९७ म्हणजे टाटाचं नंतरचं इंजिन, त्याचं सामान कुठल्याही दुकानात मिळतं, इंजिन साडेपाच लिटरच्या वरचं, ताकद जास्त. माझं बेंझचं मूळ इंजिन, ओएम ३१२, म्हणजे ९० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), १२० चा स्ट्रोक, ४,५८० सीसी आणि शंभरेक हॉर्सपॉवर. पण आबांच्या गाडीला कुणी 'ट्रक' म्हटल्याचं तुला आठवतंय का? 'बेंझ आली, बेंझ गेली.' टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला या गाड्या बांधायला घेतल्या, १९६९ ला करार संपला आणि जाळीवरचा तारा गेला. आपली गाडी ताऱ्याच्या काळातली. वर तारा मिरवायचा आणि बॉनेटखाली दुसरंच कुणी गुरगुरायचं, हे काही मनाला पटेना.

तर श्रावणाच्या आधीच इंजिन उतरवलं. खालचा तेलाचा चेंबर खोलला तेव्हा तळाला काकवीसारखा दाट काळा गाळ. जन्मभर गुळाच्या खेपा करून इंजिनालाही गुळाचा नाद लागला असावा! क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, त्यातल्या तेलाच्या वाटा बंद करणारे प्लग काढले, तर आत तोच गाळ खडूसारखा घट्ट झालेला. गोल ब्रश आणि रॉकेल घेऊन दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मग ब्लॉकचे वेल्श प्लग, म्हणजे पाण्याच्या जागेची पत्र्याची बुचं, ठोकून काढली. पाण्याच्या जागेतून अर्धी बादली गंज आणि क्षार निघाले, त्यातले बहुतेक मागच्या दोन सिलिंडरांभोवतीचे. आबा गुजरातच्या खेपेला घाटात गाडी तापली की रेडिएटरला शिव्या घालायचे. बिचारा रेडिएटर.

आता खरी गोष्ट. ब्लॉक धुऊन कोरडा केला, तर बाजूला छिन्नीने '०.५०' कोरलेलं दिसलं. त्याच्या खाली, वेगळ्या हाताने, '१.००'. म्हणजे दोनदा बोअर वाढवून झालेला. प्रत्येक कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या टोपीवर पंचाचे ठिपके, एकाला एक, दोनाला दोन, असे सहापर्यंत. पाचाचे ठिपके फाशावर असतात तसे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. ज्याने मारले त्याला घाई नव्हती. मी बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसलो होतो.

बोअरला डायल गेज लावला. झिजेचं माप वर, जिथे रिंगा वळतात तिथे, सगळ्यात वाईट. चौथा सिलिंडर वर ०.२८ मिलिमीटरने मोठा आणि वर अंडाकृती. आता आणखी वाढवायला जागा नव्हती, म्हणून सहाही सिलिंडरांत स्लीव्ह, म्हणजे आतून नव्या नळ्या, टाकून बोअर पुन्हा ९० वर आणला. होनिंग, म्हणजे आतून घासणं, झाल्यावर आतल्या तिरप्या जाळीदार रेघा बघत राहाव्यात अशा. क्रँक ग्राइंड करून आला, नवीन बेअरिंगं आली, आणि इथे मी माती खाल्ली.

झालं असं की ब्लॉक रंगवायच्या आधी मला सफाईचा कैफ चढला होता. आतून बाहेरून सगळं गुळगुळीत हवं. क्रँक धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या टोप्यांजवळ ब्लॉकवर छिन्नीच्या लहान लहान रेघा होत्या, मला त्या कुणाच्या तरी अडाणी हाताच्या जखमा वाटल्या. ग्राइंडरने साफ केल्या. टोप्यांवरच्या रेघाही घासल्या. आकडे तेवढे ठेवले, केवढी अक्कल! मग क्रँक बसवला. एकेक टोपी आवळायची आणि क्रँक फिरवून बघायचा. तीन टोप्यांपर्यंत दोन बोटांनी फिरत होता. चौथी आवळली आणि जागच्या जागी थांबला. दांडा लावून ढकलला तरी हलेना.

मी लगेच मशीन शॉपला फोन लावला, ग्राइंडिंग चुकलंय म्हणून नको ते बोललो. संध्याकाळी वस्ताद आले. तुला आठवत असतील, आबांच्या वेळचे, आता सत्तरी ओलांडलीय. त्यांनी क्रँककडे पाहिलंच नाही. टोपी सोडली, चष्मा वर केला आणि बेअरिंगच्या खाचेवर नख ठेवलं. "दोन्ही खाचा एका अंगाला पाहिजेत. तू टोपी उलटी घातलीस." या टोप्या ब्लॉकला लावूनच एका दमात बोअर केलेल्या असतात, त्यामुळे त्या ना अदलाबदल होतात ना उलट्या बसतात. नंतर हळूच विचारलं, "हिथं रेघ होती, ती कुठं गेली?" मी गप्प. टोपी कुठल्या तोंडाने बसते ते सांगायला आधीच्या कुणा मिस्त्रीने ती मारून ठेवली होती. मी ती जखम समजून पुसली.

वस्तादांनी माझ्याच हातात छिन्नी दिली. सगळ्या टोप्यांवर नवीन रेघा मारल्या, जरा वाकड्या आल्यात. दुसऱ्या दिवशी मशीन शॉपला पेढे नेऊन दिले.

त्यानंतर नटवण्याचं काम हाती घेतलं, तेव्हा हात आखडता घेतला. बाजूची नावाची पाटी रिव्हेट काढून उचलली, तर खाली बोटभर जागेत गडद राखाडी रंग शाबूत होता. तोच जुळवून ब्लॉकला मारला. बोल्टना क्रोम नाही, फक्त ब्लॅकनिंग. पंपाचं अ‍ॅल्युमिनियम घासून नागडंच ठेवलं. '०.५०' आणि '१.००' वर रंग पातळ मारलाय, तिरप्या उजेडात वाचता येतात. खाली मी '९० स्लीव्ह' कोरलंय.

काल टायमिंग बांधलं, म्हणजे पंपाने डिझेल नेमकं केव्हा सोडायचं ते जुळवलं, ते तू बघायला हवं होतंस. पहिल्या सिलिंडरच्या पंपाच्या तोंडावर बगळ्याच्या मानेसारखी वाकडी नळी लावायची आणि क्रँक केसभर केसभर फिरवायचा. डिझेल आधी धारेने, मग थेंबाथेंबाने येतं. एक थेंब नळीच्या टोकाला लटकला, थरथरला आणि पडलाच नाही. तिथेच पंप सुरू होतो. वस्ताद श्वास रोखून म्हणाले, "बास." फायरिंगचा क्रम त्यांनी मला ढोलकीच्या बोलासारखा शिकवलाय: एक पाच तीन, सहा दोन चार. आंघोळ करतानाही तोच ताल डोक्यात चालू असतो.

थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे हिटर प्लग अजून यायचेत. ते एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सहातला एक गेला की सगळेच थंड. म्हणून जुन्यांत नवा मिसळायचा नाही, सगळे नवेच घेतोय. ते आले की खंडेनवमीला पूजा करून सेल मारायचा बेत आहे. आधी डिझेल बंद ठेवून नुसतं फिरवणार, तेलाचा काटा वर आला की मगच डिझेल.

तुझ्याकडे तो फोटो आहे ना, आपण दोघं बॉनेटवर बसलोय आणि आबा खाली उभे राहून ओरडतायत तो? त्यात हॉर्न कुठल्या बाजूला आहे ते नीट बघून कळव. आईला विचारलं तर ती म्हणते दोन्ही बाजूंना होते, वस्ताद म्हणतात एकच. वहिनींना नमस्कार. येशील तर जुने कपडे घालून ये, शेडमध्ये उभं राहिलं तरी तेल लागतं.

तुझा,
बाळ्या