आलू खात नाही म्हणून रडू नको

प्रिय चिऊ,

तुझा पाळलेला साप आलू खात नाही, डोळे निळे पडले, आंधळा झाला, हा तुझा मेसेज आईनं वाचला आणि मोबाईल माझ्या हातात देऊन सरळ स्वयंपाकघरात गेली, म्हणे "तुमच्याच खात्यातलं जनावर हाय, तुमीच सांगा." फोनवर तू अर्ध ऐकतेस आणि अर्ध्यात रडतेस म्हणून लिहून पाठवतोय, जेवण झाल्यावर निवांत वाच.

पहिलं म्हणजे आलू आंधळा नाही झाला. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला, डोळे निळसर दुधाळ झालेत, पाठीवरचा काळा रंग मातकट पडलाय आणि पोटाची बाजू गुलाबी दिसते, म्हणजे तो कात टाकणार आहे बाप्पा, दुसरं काही नाही. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक आरपार दिसणारा खवला असतो आणि कातीसोबत तोही निघतो, जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव सुटतो म्हणून डोळा असा दिसतो. काही दिवसांनी डोळे आपोआप साफ होतात, आणि इथंच भलेभले फसतात, त्यांना वाटते झालं आता, लगेच उंदीर समोर धरतात, हातात घेऊन खेळवतात, पण कात त्याच्यानंतर चार-पाच दिवसांनी निघते, कधी आठवडाही लागते. तोवर त्याला हात लावू नको, रील काढायला तर बिलकुलच नाही. या दिवसात त्याला नीट दिसत नाही, म्हणून घाबरते. वनखात्यात ड्युटीवर असताना मी असे निळ्या डोळ्याचे नाग पाहिले, एरवी बाजूनं निघून जाणारा नाग त्या दिवसात नुसता पाय वाजला तरी फणा काढून उभा राहते.

आता खाण्याचं. कात टाकायच्या आधी बहुतेक साप तोंड फिरवतात, आणि आलूची जात, बॉल पायथन म्हणजे एक प्रकारचा अजगर, तर त्याच्यासाठीच बदनाम आहे, मोठा बॉल पायथन तब्येत चांगली असली तर हिवाळ्यात महिनोन्‌महिने खात नाही आणि त्याला काही होत नाही. आलूसारख्या पिल्लाला मात्र एवढी सूट नाही, त्याच्या अंगात साठा कमी, म्हणून अंदाजावर न राहता वजन कर. स्वयंपाकाचा डिजिटल काटा घे, वर डबा ठेवून झीरो कर, डब्यात आलू, आठवड्यातून एकदा वहीत ग्रॅम लिही (कात निघाल्यावर सुरू कर, आज नको). वजन जिथल्या तिथं आहे तोवर उपास करू दे त्याला. दहा टक्क्यांनी घटलं, म्हणजे दीडशेचा एकशेपस्तीस झाला, तर गुगल करत बसू नको, साप पाहणाऱ्या जनावराच्या डॉक्टरकडे ने. कुत्र्या-मांजराचे सगळेच डॉक्टर साप पाहत नाहीत, म्हणून कोण पाहते ते आत्ताच विचारून ठेव, रात्री अकरा वाजता नको शोधू.

कात पूर्ण निघाली की एक-दोन दिवस थांब, मग दे. उंदीर केवढा, तर आलूच्या अंगाच्या सर्वात जाड भागाएवढा, वजनात त्याच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आलूला पंधरा-वीस ग्रॅमचा बस होते. फ्रोझनवाला उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये खाली ठेव, मग पिशवीत बांधून गरम पाण्यात सोड, हाताला कोमट लागला की लांब चिमट्यानं धर. मायक्रोवेव्हमध्ये घालू नको, आतून शिजते आणि मग फुटते, तुझ्या रूममेटनं तुला त्याच दिवशी घराबाहेर काढलं तर मी काही बोलणार नाही. थंडगार उंदीर तो ओळखतच नाही, बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यातून त्याला समोरच्याची गरमी कळते. दिवे बंद कर, चिमटा थोडा हलव, दहा-पंधरा मिनिटं पाहा, नाही घेतला तर उंदीर उचलून फेक आणि पुढच्या आठवड्यापर्यंत विषय बंद, रोज रोज समोर नाचवलं तर आणखीच बिथरते. जिवंत उंदीर सोडू नको, साप भुकेला नसला तर उंदीरच त्याला कुरतडते. आणि तुझा दादा म्हणत होता "वावरातले उंदीर धरून देतो पाठवून", त्याला मी इथंच झापलं. गावात अर्ध्या वावरात उंदीर मारायच्या झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाकलेल्या असतात, घराघरात ब्रोमाडिओलोन, तेही उंदराचंच विष, असा उंदीर सापाच्या पोटात गेला तर काय होईल ते तूच समज.

खाल्लं की दोन दिवस उचलायचं नाही, मैत्रिणी आल्या तरी नाही. उलटी केली तर लगेच दुसरा देऊ नको, दहा-चौदा दिवस पोटाला आराम, मग अर्ध्या साईजचा. दुसऱ्यांदा उलटी म्हणजे डॉक्टरच.

मला खरी काळजी खाण्याची नाही, तुझ्या खोलीतल्या कोरड्या थंडीची आहे. ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली, तिकडे ते वारुळात नाहीतर उंदरांच्या बिळात दिवस काढतात. तू लहानपणी आपल्या धुऱ्यावरच्या फुटक्या वारुळात हात घातला होता आणि आईनं तुला झोडपलं होतं, आठवते? बाहेर माती तापून भेगाळली होती आणि आतून ओला, कोमट वाफारा येत होता. आलूला तेच पाहिजे. पुण्यात पहाटे दहा-बारा डिग्री होते, तू आलूच्या काचेच्या पेटीला हीट मॅट, म्हणजे गरम होणारी चटई, लावली म्हणतेस पण तिची गरमी आवरणारा थर्मोस्टॅट लावला का, काचेला चिकटवलेल्या घड्याळी थर्मामीटरवर भरवसा ठेवू नको, प्रोबवाला डिजिटल घे. पेटीची गरम बाजू ३१-३२ डिग्री, थंड बाजू २५-२६, आणि हवेतला ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास, कात येताना सत्तर. नुसतं काचेवर पाणी फवारून ते टिकत नाही, खोलगट झाकणाचा प्लास्टिक डबा घे, बाजूला त्याच्या अंगापेक्षा मोठं भोक पाड, कडा घासून गुळगुळीत कर, आत ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, पिळून भर आणि गरम बाजूला ठेव, तो स्वतःच जाऊन बसते. पण चिखल करू नको. सगळीकडे ओलंच ओलं राहिलं की पोटाचे खवले खराब होतात, छातीत कफ धरतो, नाकातून बुडबुडे दिसले किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेत असला तर त्याच दिवशी डॉक्टर.

कात निघाली की फेकू नको, आधी नीट पाह्यजो. चांगली कात एकाच तुकड्यात निघते, तोंडाकडून सुरू होऊन उलट्या पायमोज्यासारखी. डोक्याकडे दोन गोल टिकल्या, म्हणजे डोळ्याचे खवले, आल्या का ते पाह्य, आणि शेपटीचं टोक आलं का ते. शेपटीला जुनी कात अडकून राहिली तर ती वाळून आवळते, रक्त जात नाही आणि टोक झडते. आम्ही मे महिन्यात पकडलेल्या कितीतरी सापांच्या शेपट्या अशा बोथट असायच्या, पाणीच नव्हतं कुठं. तुकडे राहिलेच तर उथळ डब्यात ३० डिग्रीचं पाणी, त्याच्या अर्ध्या अंगापर्यंत, वीसेक मिनिटं, तू तिथंच बसून राहा, मग ओल्या टॉवेलमधून त्याला आपल्या आपण सरकू दे, घासून निघते. नखानं सोलू नको. आणि डोळ्यावरची टिकली राहिली तर चिमटा, सेलोटेप, खोबरेल तेल काहीच नाही, ओलावा वाढव आणि पुढच्या कातीपर्यंत थांब, तेव्हाही नाही निघाली तर डॉक्टर काढते. काहीजण ओढून मोकळे होतात आणि डोळाच जाते.

मोठी आई म्हणते त्याला दूध दे, ताकद येईल. साप दूध पीत नाही, नागपंचमीचे गारुडी त्याला आधी तहानेनं मारतात म्हणून तो तोंड घालते. स्वच्छ पाण्याचं भांडं, रोज बदललेलं, एवढंच.

एक मात्र तू दर वेळी टाळतेस. परिवेशवर, म्हणजे सरकारच्या त्या वेबसाइटवर, त्याची नोंदणी केली का? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 ला जी सुधारणा झाली ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये येते, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे असं जनावर पाळणाऱ्याला ऑनलाइन नोंद करावी लागते. विकणाऱ्यानं पावती दिली म्हणजे झालं असं नसते. मी आयुष्यभर लोकांच्या मडक्यातले मांडूळ जप्त केले आणि माझ्याच पोरीचा साप बिनकागदाचा, हे मला चालणार नाही. पावती, फॉर्म, सगळ्याचा फोटो मला रविवारपर्यंत पाठव.

संक्रांतीला येशीन तेव्हा त्याला घेऊन येऊ नको. आईनं सांगितलं "त्या सापाले घरात आनशीन तं मी माहेरी जातो", पण ते सोड, रात्रभर ट्रॅव्हल्सच्या एसीत त्याचे हाल होतील. आठवडाभर तो न खाता मजेत राहते, फक्त रूममेटला पाणी बदलायला आणि थर्मोस्टॅटवर नजर ठेवायला सांग. तिची भीती जात नसेल तर मला व्हिडिओ कॉलवर दे, मी समजावतो.

तुझे
बाबा