खोक्यावर २००० लिटर, टॉवरच्या टोकाला ९०

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी उभ्या ॲक्वापोनिक्सवर, म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर रोपं वाढवण्यावर लेख आला होता, खाली माशांची टाकी, वर रोपं लावलेले उंच टॉवर, फोटो पण छान होते. लेख आवडला, पण पंपाबद्दल त्यात एकच ओळ होती, की टाकीच्या मापाचा चांगला पंप घ्यावा. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितेय, कारण मी नेमकं तेच केलं होतं आणि माझे मासे मरता मरता वाचले.

माझी टाकी ५०० लिटरची, टॉवर १२, आणि टाकीतल्या पाण्यापासून टॉवरच्या तोंडापर्यंतची उंची २.३ मीटर. पंपाच्या खोक्यावर छापलं होतं तासाला २००० लिटर, मॅक्स हेड (पाणी चढवण्याची कमाल उंची) २.५ मीटर. मला वाटलं झालं काम, उंची पण बसतेय आणि पाणी तर चौपट आहे. चालू केला तर पहिल्या दोन टॉवरमध्ये कसंबसं थेंब थेंब आणि पुढचे दहा कोरडे ठणठणीत. मग वरच्या पाइपाखाली एक लिटरचा मग धरला आणि घड्याळ बघत उभी राहिले, मग भरायला ४० सेकंद लागले. म्हणजे तासाला फक्त ९० लिटर.

पंप खराब नव्हता हो. खोक्यावरचे ते दोन आकडे एकाच वेळी कधीच खरे नसतात, हे मला तेव्हा कळलं. २००० लिटर मिळतात ते पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हा, आणि २.५ मीटर म्हणजे ती उंची जिथे पाणी पाइपात नुसतं उभं राहतं, बाहेर एक थेंब पडत नाही. या दोन टोकांच्या मध्ये किती उंचीला किती पाणी ते सांगणारा एक ग्राफ असतो, पंपाचा कर्व्ह म्हणतात त्याला, आणि खरी निवड त्यावरूनच करायची असते. पण खोक्यावर तो सहसा नसतोच, आत घडी घातलेल्या कागदावर असला तर असला.

नुसतं हायड्रोपोनिक्स, म्हणजे माशांशिवाय पाण्यावरची शेती असती तर रोपं सुकली असती, एवढंच. इथे खाली जिवंत मासे असतात. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, टॉवरमध्ये रोपं ज्यात लावतात त्या माध्यमावर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि ते रोपं घेतात, आणि वरून पडणारं पाणी सोबत हवा पण घेऊन येतं. पाणी वर गेलंच नाही तर हे सगळंच थांबतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर सगळे मासे पृष्ठभागाला येऊन तोंडं उघडझाप करत होते, ते दृश्य अजून डोळ्यासमोरून जात नाही. लगेच थोडं पाणी बदललं, हवेचा पंप लावला, म्हणून निभावलं. तेव्हापासून हवेचा वेगळा पंप बॅटरीवर कायम ठेवलाय, ते मात्र प्रत्येकाने करावंच.

आता निवडायचं कसं, तर उंची मोजा ती टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या तोंडापर्यंत, पंप तळाशी किती खोल ठेवलाय त्याने फरक पडत नाही, पण पाणी आटून पातळी खाली जाते तेव्हाची उंची धरा. त्यात पाइपाच्या घर्षणाचं धरा, आणि हे लोक हमखास विसरतात. माझा पाइप अर्ध्या इंचाचा होता आणि वाटेत सात एल्बो, म्हणजे वळणाचे जोड. तेवढंच पाणी एक इंचाच्या पाइपातून नेलं तर घर्षणात जाणारा जोर साधारण तिसाव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे पंप बदलायच्या आधी पाइप मोठा करा आणि वळणं कमी करा. पाणी किती हवं, तर टाकीतलं सगळं पाणी तासाला निदान एकदा फिरावं, म्हणजे माझ्याकडे ५०० लिटर, आणि पंपाच्या जाळीत गाळ अडकला की प्रवाह कमी होतो म्हणून मी दुप्पट धरलं. मग २.३ मीटर उंचीवर घर्षणाचं आणि आटलेल्या पातळीचं अर्धा मीटर धरून, २.८ मीटरला तासाला १००० लिटर देणारा पंप कर्व्हवर शोधला, त्याचं मॅक्स हेड निघालं ५ मीटर. आता १० लिटरची बादली ३३ सेकंदात भरते आणि बाराही टॉवर ओले असतात. जास्तीचं पाणी टी (तीन तोंडांचा पाइपाचा जोड) लावून परत टाकीत सोडलंय, त्याने हवा पण मिसळते.

उलट टोकाला पण जाऊ नका. एकाने मला अर्ध्या एचपीची घरगुती मोटर लावायला सांगितलं होतं, ती म्हणजे सुमारे ३७० वॅट, रात्रंदिवस चालवली तर दिवसाला जवळपास ९ युनिट. माझा पंप ६० वॅटचा आहे, दिवसाला दीड युनिटपेक्षा कमी. शिवाय मोठ्या मोटरमध्ये पितळेचे भाग असू शकतात आणि तांबं माशांना विषारी असतं. काही सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायच्या पंपांमध्ये आत तेल असतं, सील गेलं की ते सरळ टाकीत. आणि हो, पंप बंद झाला की टॉवरमधलं आणि पाइपातलं सगळं पाणी खाली येतं, त्यासाठी टाकीत वर जागा सोडा नाहीतर जमिनीवर तळं होतं.

पंप बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की कर्व्ह खोक्यावरच छापा, मोठ्या अक्षरात. आणि संपादक महोदय, त्या लेखाचा पुढचा भाग काढणार असाल तर फोटोच्या शेजारी एक छोटी चौकट द्या, एक मीटरला किती पाणी, दोन मीटरला किती, तीनला किती. टॉवर उभे करायला निघालेल्या माणसाला पंप घ्यायच्या आधी ती दिसायला हवी.

आपली,
एक नियमित वाचक