रात्रपाळीच्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पुणे सोडून नाशिकला गेलात त्याला बरेच महिने झाले. निरोपाच्या दिवशी केक कापला, फोटो निघाले, आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. आज लिहिते आहे, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. सायबर सिक्युरिटीत येऊ बघणारी मुलंमुली मला विचारतात की तिथं नेमकं काम काय असतं. त्यांना मी तुमच्याबद्दल सांगते. तेच आज तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

कॉलेजात असताना मला वाटायचं, या क्षेत्रात रोज कुणीतरी हल्ला करणार आणि आपण तो परतवणार. प्रत्यक्षात सॉकमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या यंत्रणांवर रात्रंदिवस नजर ठेवणाऱ्या सुरक्षा केंद्रात आले, आणि समोर आला तो टिकिटांचा, म्हणजे तपासायच्या इशाऱ्यांचा क्यू. ग्राहकांचे सर्व्हर, फायरवॉल, लॅपटॉप, मेल यांचे लॉग, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदी, एका जागी गोळा होतात, एखादी गोष्ट नियमात बसली की अलर्ट येतो, आणि तो कुणीतरी माणसाने उघडून बघावा लागतो. बहुतेक वेळा आत काही नसतं. कुणी पासवर्ड विसरलेला असतो, कुणाचं बॅकअप रोजच्यासारखं रात्री दोनला चाललेलं असतं. पहाटे चारच्या सुमाराला सगळी टिकिटं सारखी दिसायला लागतात. 'फॉल्स पॉझिटिव्ह' (खोटा इशारा) असं लिहून पुढे जाणं तेव्हा फार सोपं असतं.

तुमच्या शिफ्टमध्ये तो शब्द एकटा लिहायची सोय नव्हती. "कशावरून ते लिही. सकाळी तुझी नोट वाचणाऱ्याला तुला झोपेतून उठवावं लागता कामा नये," असं तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलंत. एकाच माणसाचं लॉगिन आधी पुण्यातून आणि अर्ध्या तासात सिंगापूरहून दिसलं, की तुमचे प्रश्न ठरलेले असायचे. आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कुणाचा आहे? लॅपटॉप तोच आहे का? आणि त्या माणसाला विचारलं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं स्क्रीनवर मिळतात. तिसऱ्यासाठी फोन उचलावा लागतो, आणि तिथेच बहुतेक जण कंटाळा करतात. तुम्ही कधीच केला नाहीत.

या फोनबद्दलच मला खरं तर लिहायचं आहे.

चाकण भागातल्या एका कारखान्यातून आलेला तो फोन तुम्हालाही आठवत असेल. महिनाअखेर होती. अकाउंट्समधल्या एक बाई उशिरापर्यंत थांबल्या होत्या. फायली उघडेनात, नावांपुढे भलतंच शेपूट लागलेलं, प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक चिठ्ठी. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, मी काही केलं नाही हो." आवाज रडवेला. हेडसेट माझ्याकडे होता, तुम्ही तो हळूच मागून घेतलात.

"तुम्ही लगेच फोन केलात, फार बरं केलंत. आता आपण दोघी मिळून बघू. मशीनला नेटवर्कची वायर आहे ना, ती काढा. वायफाय बंद करा. मशीन मात्र चालूच राहू द्या." बंद का करायचं नाही, हेही त्यांना दोन वाक्यांत सांगितलंत. मेमरीत जे शिल्लक असतं ते वीज गेली की पुसलं जातं, आणि तपासाला तेच लागतं. त्यांच्या जिवाची घालमेल चाललेली असताना त्यांना कारण सांगण्याइतकं महत्त्वाचं समजणं, हे मी आधी कुठे बघितलं नव्हतं. मग कुठल्याही घाईशिवाय विचारलंत, "गेल्या दोनचार दिवसांत काही वेगळं वाटलं होतं का?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग एका सप्लायरच्या नावाने आलेल्या बिलाच्या मेलबद्दल बोलल्या.

ते एक उत्तर मिळालं म्हणून पुढचं सगळं जमलं. तीच अटॅचमेंट आणखी कुणाकुणाच्या मेलबॉक्समध्ये गेली ते शोधलं, ज्यांनी ती उघडली होती त्यांचे लॅपटॉप नेटवर्कपासून वेगळे केले, आणि हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत ते लोण पोचलं नाही. त्या बाईंनी घाबरून सकाळपर्यंत तोंड उघडलं नसतं तर तेवढे सगळे तास हल्ला करणाऱ्यांना मिळाले असते. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. इकडे तुम्ही फोनवर त्यांना धीर देत होता आणि तिकडे डाव्या हाताने माझ्याकडे वेळांच्या नोंदीचा कागद सरकवत होता.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये कारखान्याच्या साहेबांनी एकच प्रश्न लावून धरला, "क्लिक कुणी केलं? नाव द्या." तुम्ही नाव दिलं नाहीत. "रिपोर्टमध्ये नाव घातलं, तर पुढच्या वेळी आम्हाला फोनच येणार नाही," एवढंच म्हणालात. आणि रिपोर्टच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलंत की कर्मचाऱ्याने तातडीने कळवल्यामुळे प्रसार रोखता आला. ते वाक्य मी त्या दिवशी माझ्या वहीत उतरवून घेतलं. आपल्या क्षेत्रात "माणूस हीच सगळ्यात कमकुवत कडी" असं उठताबसता म्हटलं जातं. मला ते कधीच पटलं नाही, आणि का पटत नाही हे त्या दिवशी कळलं. त्या रात्री आपल्या कुठल्याही टूलच्या आधी एका माणसाने आपल्याला सावध केलं होतं.

नवीन बॅच आली की तुम्ही कॉसमॉस बँकेचं प्रकरण सांगायचात. पुण्यात बसून काम करणाऱ्यांना ते माहीत असायलाच हवं, हा तुमचा आग्रह. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारा बनावट स्विच उभा केला, त्यामुळे नकली कार्डाने पैसे मागितले तरी खात्यात शिल्लक किती हे बँकेच्या मूळ यंत्रणेला विचारलंच जात नव्हतं. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून रकमा निघाल्या. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून आणखी पैसे हाँगकाँगला गेले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. सांगून झालं की तुम्ही 'शनिवार' या शब्दावर बोट ठेवायचात. शनिवार-रविवारच्या ड्यूटीवर मी त्यानंतर कधी कुरकुर केली नाही.

आणि डिसेंबर २०२१! लॉग४जे या असंख्य सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीत मोठी फट सापडल्याची बातमी आली तो शुक्रवार होता. अर्धी टीम अजून घरून काम करत होती. ती लायब्ररी आपल्या कुठल्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहे हेच ग्राहकांना ठाऊक नव्हतं. आपण वेब लॉगमध्ये हल्ल्याच्या मजकुरात येणारी 'जेएनडीआय' ही अक्षरं शोधायचो, तर हल्लेखोर तीच अक्षरं तोडूनमोडून पाठवायचे, म्हणजे साध्या शोधात सापडू नयेत. दुरुस्त आवृत्ती २.१५ आली, ती पुरत नाही म्हणून २.१६, मग २.१७. प्रत्येक वेळी त्याच ग्राहकांना पुन्हा फोन, पुन्हा तीच विनंती, आणि पलीकडून "अहो, परवाच तर केलं" हे ऐकून घ्यायचं. त्या दिवसांत तुम्ही कुणालाही सलग सोळा तास बसू दिलं नाहीत. झोपेचं वेळापत्रक तुम्ही कामाच्या वेळापत्रकाच्या वर चिकटवलं होतं. मी म्हटलं, मला अजून जमतंय, तर तुम्ही माझं लॉगिनच दुसरीकडे सोपवलंत आणि "सहाला ये" म्हणून फोन ठेवलात. पुढे बाकीच्या ठिकाणच्या मित्रमैत्रिणींच्या गोष्टी ऐकल्या, थकून क्षेत्रच सोडून गेलेले भेटले, तेव्हा त्या वागण्याचं मोल आणखी कळलं.

घरच्यांचं तर वेगळंच. "तू सायबरमध्ये आहेस ना?" म्हणून गावाकडून फोन येतात. मागे बार्शीच्या काकांना कुणी 'डिजिटल अरेस्ट' म्हणून व्हिडिओ कॉलवर धरून ठेवलं होतं. पोलिसांच्या वेशातला माणूस, कोर्टाचे खोटे कागद, खोलीचं दार लावून घ्यायची तंबी. काकूंनी दुसऱ्या फोनवरून मला कळवलं. मला रागवावंसं वाटत होतं, खरंच सांगते. पण तोंडातून तुमचंच वाक्य निघालं, "काकू, तुम्ही फोन केलात, फार बरं केलंत." मग पैसे गेलेत का, किती वाजता, कुठल्या खात्यातून, एवढंच विचारलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेला लगेच कळवायला सांगितलं. कुणी 'तुम्हाला कळलं कसं नाही?' असं विचारलं नाही, म्हणून काका नंतर मोकळेपणाने सगळं सांगू शकले आणि तक्रार नीट नोंदवता आली. आता ते स्वतः पारावर बसून इतरांना सांगतात की व्हिडिओ कॉलवर अटक होत नसते.

ताई, तुमच्याबद्दल कुठे बातमी येणार नाही. जे घडलं नाही त्याची बातमी होत नाही, आणि आपल्या कामाचा मोठा भाग तोच आहे. म्हणून निदान आमच्यापैकी कुणीतरी लिहायला हवं होतं. तुम्ही मला लॉग वाचायला शिकवलंत, त्याबद्दल आभार. पण घाबरलेल्या माणसाशी बोलायला शिकवलंत त्याचे आभार कसे मानावेत हे मला खरंच कळत नाही.

पुढच्या महिन्यात शिफ्टला दोन नव्या मुली येताहेत, आणि त्यांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं आहे. 'पहिल्या फोनवर काय बोलायचं' म्हणून तुम्ही आम्हाला जो मेल केला होता तो अजून माझ्याकडे आहे. ग्राहकांचे संदर्भ काढून तो त्यांना दिला तर चालेल ना? आणि जमलं तर एखाद्या शनिवारी अर्धा तास फोनवर त्यांच्याशी बोलाल का? वेळ तुम्ही सांगा, आम्ही ड्यूटीवर असूच.

तुमची,
रात्रपाळीतली एक सहकारी