भोंगा उतरवू नका

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

इलेक्ट्रिशियनला बोलावून चोरांसाठी लावलेला अलार्म भिंतीवरून काढून घ्यायचं बाबांनी ठरवलंय, असं आई काल फोनवर म्हणाली. रात्री-अपरात्री बोंबलतो, शेजारी तोंडं वाकडी करतात, हे सगळं कबूल. पण तिकडे आले होते तेव्हा मी तो उघडून बघितला होता. पॅनल, म्हणजे सगळं चालवणारा तो डबा, ठणठणीत आहे. बिघाड आहेत ते त्याच्या आजूबाजूला. इलेक्ट्रिशियन येणारच असेल तर त्याच्याकडून तेच दुरुस्त करून घ्या.

आई, प्लग काढला तरी वाजतो म्हणून तू घाबरलीस, पण त्यात भुताटकी काही नाही. चोरानं मेन स्विच पाडला तरी भोंगा वाजावा म्हणून डब्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. प्लग काढला की सगळा भार तिच्यावर येतो. ती उतरत गेली की पॅनल आधी पिकपिक करतं, आणि तुम्हाला वाटतं पुन्हा बिघडलं. बाबा, अशी बॅटरी पार रिकामी होऊन पडून राहिली की पुढे नीट चार्ज धरत नाही. मी मीटर लावला तेव्हा लाईट असताना १३.६ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे चार्जिंग चांगलं होतं. प्लग काढला आणि बघता बघता आकडा १०च्या खाली! बॅटरी कडेनं इतकी फुगली होती की डब्यातून ओढून काढावी लागली. नवीन बसवली आहे, वर मार्करनं तारीखही लिहिली आहे. आता प्लगला हात लावू नका.

पण ही नवीनसुद्धा फार टिकायची नाही, कारण डबा जिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर आणि डोक्यावर थेट स्लॅब. २५ अंशांच्या आसपास चार-पाच वर्षं चालणाऱ्या बॅटरीचं आयुष्य, उष्णता दहा अंशांनी वाढली की निम्म्यावर येतं. मे महिन्यात आपल्या सोलापुरात बाहेरच ४३-४४ असतं, मग त्या जिन्यात काय होत असेल! डबा आतल्या खोलीत हलवायला सांगा. सगळ्यात मोठं काम हेच. बाकीची किरकोळ.

आता रात्रीच्या बोंबेबद्दल. बाबा, तुम्ही जॉबर होतात, माग सांभाळलेत, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की त्यावर लटकलेली ड्रॉप पिन पडते आणि माग थांबतो. दाराचा सेन्सर तसाच: वायरचं वर्तुळ जोडलेलं आहे तोवर पॅनल गप्प, तुटलं की भोंगा. चौकटीत काचेच्या नळीतला बारीक स्विच, दाराला लोहचुंबक. चुंबक जवळ असला की स्विच जोडलेला राहतो. स्वयंपाकघराचं मागचं दार पावसाळ्यात फुगतं, बिजागऱ्याही ढिल्या आहेत. मी बघितलं तर दार बंद असतानाही चुंबक आणि स्विचमध्ये माझं बोट जाईल एवढी फट होती. जोराचा वारा सुटला की दार हलतं आणि तुमची झोप जाते. आधी बिजागऱ्या आवळायच्या, मग चुंबकाखाली लाकडाची पातळ पट्टी घालून तो स्विचजवळ आणायचा. एवढंच.

हॉलमधला कोपऱ्यातला, हालचाल टिपणारा डोळा मी पुसला. भिंगासमोर कोळ्याचं जाळं होतं आणि पाल तर तिथं मुक्कामालाच असते. पाल एवढीशी, पण भिंगावरूनच चालली की त्याला माणूस चालल्यासारखं वाटतं. आणि एक लक्षात ठेवा. तो अंगाची उष्णता आणि भिंतीची उष्णता यांतला फरक बघतो. मे महिन्यात भिंतच अंगाइतकी तापली की त्याला माणूस नीट ओळखू येत नाही. म्हणून उन्हाळ्यात दुपारी बाहेर जाताना त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका, दारांचे सेन्सर चालू ठेवाच.

ज्यानं हे बसवलं त्याचा मला राग येतो तो रेझिस्टरपायी, म्हणजे वीज अडवणाऱ्या बारीक तुकड्यांपायी. ते वायरच्या शेवटच्या टोकाला, सेन्सरपाशी लावायचे असतात, म्हणजे मधेच कुणी वायर सोलून दोन तारा जोडल्या तरी पॅनलला कळतं. या महाशयांनी सगळे रेझिस्टर पॅनलच्या डब्यातच बसवलेत. त्याचे कष्ट वाचले, आपल्या वायरवर राखणच राहिली नाही. इलेक्ट्रिशियनला हे मुद्दाम दाखवा. 'काही फरक पडत नाही' म्हणाला तर दुसरा बघा.

आणि कोड बदला! कीपॅडवरची चारच बटणं गुळगुळीत झालीत, आकडेसुद्धा पुसलेत. ते चार आकडे उलटसुलट करून बघायचे तर सगळे मिळून २४ कोड होतात. त्यातून तुमच्या लग्नाचं साल म्हटल्यावर सुरुवात १९नंच होणार, म्हणजे उरले दोनच. आई, नवीन कोड तू ठरव. बाबा परत वाढदिवस घालतील.

भोंगा वाजला की आपोआप फोन लावणाऱ्या डायलरमध्ये अजून जुन्या लँडलाईनचा आणि घर सोडून गेलेल्या शेजाऱ्यांचा नंबर आहे. तिथं माझा आणि दादाचा घालून घ्या. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तुम्ही रात्री उशिरापर्यंत बाहेर असता, तेव्हा फोन कुणाला तरी लागायला हवा.

खरंच कधी वाजला तर बाबा, काठी घेऊन खाली जायचं नाही. खोलीचं दार आतून लावून आधी ११२ला फोन करायचा, मग मला.

जुनी बॅटरी जिन्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे. भंगारवाल्याला देऊ नका, आत शिसं आणि ॲसिड आहे. बॅटरीच्या दुकानात परत घेतात, वर थोडे पैसेही देतात. इलेक्ट्रिशियन कधी येतोय ते कळवा. तो आला की मला व्हिडिओ कॉल लावा, मी इथून बघते.

तुमची,
ताई