बाबा, तो रेडीमेड सेट मी रद्द केलाय

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही सांगितलेला मॉडेल रेल्वेचा, इंजिन आणि डब्यांचा तयार सेट मी मागवला होता, पण दुसऱ्याच दिवशी रद्द केला. चिडण्याआधी पुढचं वाचा. प्रश्न पैशांचा नाही, आणि आईने मला काही पढवलेलंही नाही. तिलाही हे आत्ताच कळतंय.

रेडीमेड वाईट असं मी म्हणत नाही. हल्लीची मॉडेल्स इतकी रेखीव येतात की हाताने तेवढं साधणं कठीणच. पण खोक्यातून काढायचं, रुळावर ठेवायचं, चार फेऱ्या मारायच्या, मग पुढे काय? मी तुम्हाला ओळखते. आठवडाभरात 'पायरी मापात नाही' म्हणून तुम्ही ती खरवडायला बसाल. एखाद्या खऱ्या वॅगनचं, म्हणजे मालडब्याचं, ड्रॉइंग हाती आलं की तुम्ही कसे हरवून जायचात! मॉडेल खऱ्याच्या ८७ पट लहान, म्हणून प्रत्येक माप ८७ ने भागून वहीत उतरवायचं. ब्रेकचा दांडा कुठून निघतो, कशाला ओढतो, दाराची बिजागरी कुठल्या बाजूला फिरते, हे उमगल्याशिवाय तो भाग करताच येत नाही. विकतच्या गाडीच्या पोटाखाली कोण डोकावतंय? आणि तुम्हाला आवडणाऱ्या वॅगन कुठलाच कारखाना काढत नाही. त्या करणाऱ्यानेच कराव्या लागतात, म्हणून पूर्वीसारख्या हातानेच करा.

हात थरथरतो, बारीक दिसत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून आता तुमचं नेहमीचं एचओ माप नको, त्याहून मोठं ओ स्केल घ्या. एचओमध्ये खऱ्या गाडीच्या एका फुटाला मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर, ओमध्ये सात. म्हणजे १:८७ च्या जागी १:४३.५. तुमच्या वहीतली सगळी मापं नुसती दुप्पट करायची, नवीन काही नाही. रुळांमधलं अंतर तेवढं दुपटीने येणारं ३३ मिलिमीटर न धरता ३२ धरतात. त्यावरून तुम्ही कुरकुरणार, हे मी गृहीत धरलंय. जागेची काळजी नको, एक साइडिंग (बाजूचा छोटा रूळ) आणि चार वॅगन भिंतीच्या फळीवर सहज मावतील.

पितळेचे पत्रे जोडून डबे करणं मात्र बंद. सोल्डरिंगच्या धुराने खोकला कसा बळावतो ते आई सांगेल, तुम्ही सांगणार नाही. त्याऐवजी स्टायरीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ शीट पाठवतेय. स्टीलच्या पट्टीलगत कटरने दोन-तीनदा हलकी रेघ ओढायची, वाकवली की टक्कन तुटते. जोर लागत नाही, त्यामुळे थरथरीचा त्रासही कमी. चिकटवायला सॉल्व्हेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारं पातळ द्रव; जोडावर ब्रश नुसता टेकवला की ते आपोआप फटीत शिरतं. दोन शीट एकावर एक चिकटवणार असाल तर आतल्या शीटला भोकं पाडा. नाहीतर सॉल्व्हेंट आत अडकतं आणि काही महिन्यांनी डब्याची भिंत वाकते. टँकरचं काय झालं होतं ते आठवतंय ना? चाकं विकतच घ्या. ती तुम्ही पूर्वीही विकतच आणायचात, हे मी कुणाला सांगत नाही.

लहानपणी मला रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी उठवायचं काम मिळायचं. पत्र्याच्या मागून बोथट सुईने दाबायचं आणि पलटून बघायचं, की पुढे इवलासा फुगीर ठिपका! माझी ओळ घसरली की तुम्ही म्हणायचात, "असू दे गं, ही बाजू भिंतीकडे ठेवू." तो डबा अजून भिंतीकडेच तोंड करून असेल. त्याला हात लावू नका.

आता ऐका. सॉल्व्हेंट वापरताना खिडकी उघडी हवी, थंडी असली तरी. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असं नसतं. भिंगाचा दिवा येईल, तो डाव्या बाजूला लावा. हातांची खुर्चीच घ्या, कोपर टेकले की बोटं स्थिर राहतात. ब्लेड बोथट झालं की लगेच बदला, "अजून चालेल" नको, बोथट ब्लेडच घसरतं. अर्ध्या तासाने उठायचं. बीपीची गोळी आधी, वॅगन नंतर.

आई, तुझ्या जेवणाच्या टेबलावर पसारा होणार नाही. उंच कडांचा ट्रे पाठवतेय, उडालेला तुकडा शोधायला बाबा जमिनीवर रांगणार नाहीत. तू मोजमापाला बसलीस तर उत्तमच, नजर तुझीच पक्की आहे.

आणि बाबा, इंजिन खरंच मनापासून हवं असेल तर तसं सांगा, मुकाट्याने मागवीन. पण आधी एक साधी चारचाकी उघडी वॅगन होऊ द्या. पहिली भिंत कापलीत की फोटो पाठवा. सॉल्व्हेंटच्या बाटलीचं झाकण लावल्याचा फोटो मात्र आईने पाठवायचा, तुमच्यावर माझा विश्वास नाही.

तुमची
धाकटी