दर आठवड्याला एक शब्द देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायचं कितीतरी दिवस मनात आहे. फोनवर ते जमत नाही. मी सुरुवात केली की "ते राहू दे, या वेळचा फोटो कुठंय?" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही जे दिलंत ते कॅमेरा घेऊन प्रवासाला निघणाऱ्या कुणाच्याही उपयोगाचं आहे.

तुमची रीत ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्हा काही जणांना दर आठवड्याला तुमच्याकडून एक शब्द येतो. खिडकी. हात. वर्दळ. निळा. घर. जिथे असू तिथे त्या शब्दावर फोटो काढायचे, त्यातला एकच निवडून पाठवायचा आणि खाली चार ओळी लिहायच्या. फोटो कसा काढला ते त्या ओळींत नको. तिथे उभं असताना मनात काय चाललं होतं ते हवं. बस, एवढंच.

नव्या गावात पाऊल ठेवलं की डोळ्यांवर एकाच वेळी सगळं आदळतं. अनोळखी भाषेतल्या पाट्या, वेगळा उजेड, वेगळे चेहरे. प्रसिद्ध इमारतीसमोर एक ठरलेली जागा असते, तिथून ती सर्वांत देखणी दिसते, म्हणून सगळे तिथेच उभे राहतात आणि तसं करण्यात काही गैर नाही. पण मनात एक शब्द घेऊन फिरताना नजर आपोआप गाळायला लागते. 'खिडकी' शोधणाऱ्याला त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला, पर्यटक फिरकत नाहीत अशा भिंतीतली एक अर्धी उघडी खिडकीची झडप दिसते. तिथे तो थांबतो. प्रवासात थांबायला कारण लागतं, ताई, आणि ते कारण तुम्ही दिलंत.

'खिडकी' दिलीत तेव्हा सोबत तुम्ही दोन माणसांची गोष्ट सांगितली होती, ती मी आजवर अनेकांना सांगितली आहे. 1833 साली विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्रज संशोधक इटलीतल्या कोमो सरोवराकाठी बसून समोरचा देखावा कागदावर उतरवायचा प्रयत्न करत होता. हाताशी चित्र काढायला मदत करणारं लोलकाचं उपकरण होतं, तरी चित्र साधेना. समोरचं दृश्य स्वतःच कागदावर उमटून तिथे टिकून राहिलं तर, हा विचार त्या सरोवराकाठचा. म्हणजे छायाचित्रणाचा एक उगम प्रवासी माणसाच्या तगमगीत आहे. पण पुढे 1835 मध्ये त्याने केलेली, आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह (उजेड-काळोख उलटा उमटलेलं चित्र) कशाची आहे? त्याच्या राहत्या घरातल्या, लॅकॉक ॲबीतल्या, जाळीच्या खिडकीची. त्याच्याही आधी, 1826-27 च्या सुमारास, फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने डांबर लावलेल्या धातूच्या पत्र्यावर जे चित्र मिळवलं, तेही घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसणारं. पत्र्यावर चित्र उमटायला इतके तास लागले (काही अभ्यासक तर काही दिवस लागले असं मानतात) की सूर्य या टोकाकडून त्या टोकाकडे गेला आणि अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. अख्खा दिवस एका चित्रात.

त्या आठवड्यात मी लांबच्या बस-प्रवासात होते. लेन्स काचेला जवळजवळ टेकवायची, भोवती गडद ओढणी धरायची म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. विमानात असशील तर पोलरायझर (लेन्सवर लावायची, चकाकी कमी करणारी काच) काढून ठेव, खिडकीच्या प्लॅस्टिकमुळे त्यातून इंद्रधनुषी पट्टे दिसतात. हे सगळं तुम्हीच शिकवलेलं. मी मात्र त्या दिवशी ओढणी बाजूला ठेवली. संध्याकाळ होत आली होती, बाहेर पळती शेतं आणि त्यांच्यावर काचेतला माझा चेहरा, दोन्ही एकत्र दिसत होतं. तो फोटो मी पाठवला. खालच्या चार ओळींत लिहिलं की लहानपणापासून प्रत्येक प्रवासात आईने खिडकीची जागा मला दिली आणि ती स्वतः आतल्या बाजूला बसली. त्या सगळ्या प्रवासांत तिने बाहेरचं काय पाहिलं असेल? खिडकीच्या चौकटीत, मध्ये, माझं डोकं.

हे मला त्या बसमध्ये बसेपर्यंत कधी सुचलं नव्हतं. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: "मग तिलाच विचार की."

मी विचारलं. त्याबद्दल पुढे सांगते.

'हात' या शब्दाने मला माणसांजवळ नेलं. तुमचा त्यावरचा दंडक पक्का: आधी बोल, मग कॅमेरा काढ. लांबून मोठी लेन्स लावून कुणाचाही चेहरा उचलून आणायला तुमचा विरोध आहे आणि आता माझाही आहे. परक्या ठिकाणच्या माणसाला आपण दृश्याचा भाग समजतो, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर तो आपल्या कामावर, आपल्या दारात बसलेला असतो. एका बंदरावर जाळं विणणारे एक आजोबा होते. भाषा कळत नव्हती, म्हणून मी कॅमेरा दाखवून खुणेने विचारलं. त्यांनी चेहऱ्यासमोर हात हलवून नकार दिला. मी नमस्कार करून शेजारी बसले. बराच वेळ त्यांचं काम पाहत राहिले. मग त्यांनीच आपल्या बोटांकडे बोट दाखवलं. यांचा काढ!

कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या 125 व्या भागापुरतंच उघडं ठेवलं तेव्हा गाठ मारणारी बोटं स्वच्छ आली. 15 व्या भागापुरतं ठेवलं तेव्हा बोटं विरघळली आणि जाळं तेवढं स्थिर राहिलं. मी दुसरा फोटो निवडला. त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही दाखवले तर त्यांनीही त्याच फोटोवर बोट ठेवलं. चेहऱ्याला नकार देणारा माणूस हाताला होकार देतो, तेव्हा तो होकार किती मोलाचा असतो हे मला तुमच्या त्या दंडकामुळे कळलं. नाहीतर मी लांबूनच फोटो काढून पुढे गेले असते आणि त्यांचा नकार मला ऐकूही आला नसता.

'निळा' बद्दल फार लिहीत नाही. सूर्य बुडाल्यानंतरच्या थोडक्या वेळात आकाश जे गडद निळं होतं, त्यात वातावरणातल्या ओझोनचाही वाटा असतो, हे तुमच्याकडून कळल्यापासून मी सूर्यास्त झाला की निघून जाणाऱ्यांत नसते.

'वर्दळ' वर मात्र लिहायलाच हवं. 1838 मध्ये लुई दागेरने पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता वाहता होता, घोडागाड्या होत्या, माणसं होती. पण प्लेटवर प्रकाश पडू देण्यात कित्येक मिनिटं गेली, त्यामुळे जे जे हलत होतं ते पुसलं गेलं. उरला तो बुटांना पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस, आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणाऱ्याची अंधूक आकृती. छायाचित्रात आलेली ही बहुधा पहिली माणसं. कुणी त्यांना मुद्दाम उभं केलं नसावं, त्यांना बहुधा कळलंही नसेल.

मी ते एका मोठ्या रेल्वे स्टेशनवर करून पाहिलं. कॅमेरा कठड्यावर टेकवला, शटर पूर्ण एक सेकंद उघडं ठेवलं. सगळी गर्दी धुरासारखी झाली आणि सामानावर झोपी गेलेलं एक लेकरू तेवढं लख्ख आलं. चेहरा पलीकडे वळलेला होता, तरी शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बाबांना फोटो दाखवला, मगच ठेवला. मला तो फार आवडला होता, चार ओळीही मनासारख्या झाल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "तू त्या गर्दीत असतीस तर या फोटोत उरली असतीस का?"

त्या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडलं नाही. मी कामासाठी सतत फिरते. कुठल्याही जागी एक सेकंद पूर्ण थांबत असेन का, अशी शंका यावी इतकी. त्यानंतर मी प्रत्येक नव्या ठिकाणी पहिला काही वेळ कॅमेरा पिशवीतच ठेवते आणि नुसती बसते. ही सवय तुम्ही सांगून लागलेली नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून लागली.

आणि 'घर'. घरापासून दूर असतानाच तुम्ही तो शब्द का देता, हे मला अपोलो 8 या चांद्रमोहिमेची गोष्ट ऐकल्यावर उमगलं. 24 डिसेंबर 1968 ला अंतराळवीर विल्यम अँडर्स चंद्राभोवती फिरत होते. त्यांच्याकडे काम होतं चंद्राच्या पृष्ठभागाचे फोटो काढण्याचं. चंद्राच्या कडेवरून पृथ्वी वर येताना दिसली आणि त्यांनी घाईने रंगीत फिल्म मागितली. माणसाने तोवर केलेल्या सर्वांत लांबच्या प्रवासातला, आज सगळ्यांना आठवतो तो फोटो घराचा आहे.

आता आईचं. मी विचारल्यावर ती आधी हसली. मग म्हणाली, डोंगर बघायला तिला फार आवडायचं, पण मला झोप लागली की माझं डोकं तिच्याकडे कलायचं आणि मग खिडकी मोकळी व्हायची. तेवढ्या वेळात ती डोंगर बघून घ्यायची. म्हणजे तिने डोंगर पाहिले ते मला खांद्यावर घेऊन. पुढच्या प्रवासाला मी तिला बरोबर नेलं आणि खिडकीची जागा तिला दिली. त्या आठवड्याचा तुमचा शब्द होता 'सोबत'. मी आतल्या बाजूच्या जागेवरून, तिच्या जागेवरून, फोटो काढला: चौकटीत तिचं डोकं, पिकले केस, उरलेल्या जागेत डोंगराची एक कड. प्रकाश मागून होता, केसांच्या कडा जळाल्यासारख्या पांढऱ्या आल्या आहेत, एखादा परीक्षक नापास करेल. मी काढलेल्या सगळ्या फोटोंत तो मला सर्वांत प्रिय आहे.

ताई, तुम्ही प्रत्येकाच्या चार ओळी वाचता. प्रत्येकाला उत्तर देता. कुणाचा फोटो गेला नाही तर रागावत नाही, पण पुढच्या आठवड्यात त्याची विचारपूस करता. यासाठी तुमचा किती वेळ जातो हे तुम्ही कधीच बोलत नाही. त्या वेळेबद्दल, त्या प्रश्नांबद्दल, आणि "मग तिलाच विचार की" या ओळीबद्दल मनापासून आभार.

एक विनंतीही आहे. आईने स्वतःहून विचारलं आहे की पुढच्या आठवड्यापासून तिलाही शब्द मिळेल का. कॅमेरा नाही, साधा फोन आहे, आणि लिहायचं ते ती मला सांगेल, मी टाइप करेन. तुम्ही हो म्हणाल हे तिला मी आधीच सांगून टाकलं आहे.

तुमची,
खिडकीजवळची जागा सोडलेली मुलगी